दीड दिवस

९ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

सहाव्या पुस्तकाच्या पंचवीस प्रती पोचल्या आणि त्याच दिवशी वाचनालयातून बाहेरही गेल्या. नंबर लावून बसलेल्यांत पोस्टातल्या बाई सगळ्यांत मोठ्यानं भांडतात. मुखपृष्ठावर फौजदार फारच सडपातळ दाखवलाय. खरा फौजदार आता खुर्चीत मावत नाही. कारकून नेहमीसारखा देवघेवीच्या वहीवर बसतो आणि तो उठेपर्यंत मला एक पुस्तक देता येत नाही. तुझ्या मालिकेनं दोन्ही मांजरांना डोक्यावर चढवलंय. लोक येऊन त्यांनाच विचारतात, सध्या कोणता तपास चालू आहे म्हणून.

आता खरंच एक तपास निघालाय. आपल्या वाचनालयाच्या संस्थापकांचं चांदीचं खिशातलं घड्याळ काचेच्या पेटीतून नाहीसं झालं. शनिवारी सकाळी घड्याळजी, म्हणजे शाळेत तुझ्या बाकावरचा काट्या, दर आठवड्यासारखे भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली द्यायला आले होते. आमचा शनिवारचा चहा झाला. खिशातलं घड्याळही त्यांनी पुसलं, किल्ली दिली, चालू करून दाखवलं. सोमवारी पाहते तर पेटी रिकामी. सगळं उलथंपालथं केलं. कुणावर आळ घ्यायचा नाही, पण शेवटचा हात त्यांचाच लागला होता, हे फक्त तुला म्हणून लिहिते. हल्ली ते जरा गप्पगप्पही असतात.

तुझ्या हुशार फौजदारानं काही दिवे लावले नाहीत. यादीची कार्डं ठेवतो त्या जुन्या, लहान लहान खणांच्या कपाटासमोर तो शनिवार सकाळपासून रविवारी मी दिवा मालवेपर्यंत कान टवकारून बसला होता. जेवायलाही उठला नाही. मला वाटलं, उंदीर असेल. मग उठला, आळस दिला आणि खिडकीत जाऊन झोपला.

भाषण झाल्यावर गार पाणी पिऊ नकोस. लोभ आहे तेवढा टिकव, नवा मिळवायचं आपलं वय गेलं.

तुझी
धाकटी

१४ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

अगं, पत्र कसलं, हा तर सातव्या पुस्तकाचा पहिला अध्याय आहे! दोन महिने मी कोऱ्या कागदासमोर बसून होतो आणि प्रकाशक रोज फोन करून माझ्या तब्येतीची खोटी खोटी विचारपूस करत होता. विश्वासातला माणूस, दर आठवड्याचा चहा आणि रिकामी पेटी. यापेक्षा जास्त काय लागतं?

काट्याचं नाव येणार नाही, काळजी करू नकोस. घड्याळवाल्याचा मी कुलूपवाला करतो. त्याचं ते डाव्या पायानं ओढत चालणं मात्र ठेवतो, आणि वस्तू परत देताना तिच्यावर हलकेच फुंकर मारायची सवयसुद्धा. असले तपशील कल्पनेनं सुचत नाहीत. फौजदार कपाटासमोर बसून राहिला तो भाग गाळतो. दीड दिवस नुसतं बसून राहिलेलं मांजर कोण वाचेल? माझा फौजदार चोराच्या पिशवीवर झडप घालेल.

जो समाज चांगल्या माणसांचा संशय घ्यायला लाजतो, तो चोर पोसतो. हे मी शंभर सभांत सांगितलं आहे, आता मांजराच्या तोंडून सांगतो. कारकुनाला वहीवरून हुसकू नकोस, त्याच्यामुळेच तुझा हिशेब कमी चुकतो.

तुझ्यावर जन्मापासून हक्क सांगणारा,
दादा

२० ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

सातवं पुस्तक आलं. एवढी मागणी कुठल्याच पुस्तकाला नव्हती, आणि हे लिहिताना मला आनंद होत नाहीये.

पहिल्याच आठवड्यात गावानं ओळखलं. पाय आणि फुंकर, दोन्ही. पोस्टातल्या बाईंनी हसत हसत विचारलं, कुलुपांचं दुकान तुमच्या वाचनालयासमोरच आहे ना म्हणून. हसण्यावारी गेलं असतं, पण पेटी रिकामी आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. बेकरीवाल्यानं आपलं भिंतीवरचं घड्याळ दुरुस्तीला दिलं होतं, ते तसंच बंद परत आणलं. शाळेनं घंटेच्या घड्याळाचं काम दुसऱ्याला दिलं. कुणी भांडलं नाही, कुणी तोंडावर एक शब्द बोललं नाही. नुसते जायचे थांबले.

तीन शनिवार झाले, घड्याळजी आले नाहीत. भिंतीवरचं घड्याळ चार वाजून दहा मिनिटांवर थांबलंय. मी दोन कप ठेवते आणि एक उचलून आत नेते. समोर जाऊन विचारावं असं रोज वाटतं, पण काय विचारू? तुम्ही घेतलंत का, असं विचारू, की माझ्या भावानं तुमच्यावर लिहिलं ते मीच त्याला कळवलं, असं सांगू?

दादा, तू काहीतरी कर. चार ओळी वर्तमानपत्रात दे. तुझा शब्द मानतात सगळे. या पत्रावर रागावलास तरी चालेल, गप्प बसू नकोस.

तुझी
धाकटी

२५ ऑगस्ट

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

रागावलो नाही, पण बोलायला लागेल. कथा म्हणजे न्यायालय नव्हे! चार अडाणी टाळकी कादंबरीला निकालपत्र समजत असतील तर दोष त्यांच्या वाचण्यात आहे. लेखकानं प्रत्येक लंगड्या माणसाची परवानगी काढत बसायचं का? उद्या कुणी म्हणेल, खलनायकाला चष्मा देऊ नका, आमच्या काकांना चष्मा आहे. लेखणी अशी गावाला भिऊन चालली तर ती मोडून चुलीत घालावी. सत्तेपुढे मी वाकलो नाही, तो बेकरीवाल्यापुढे वाकू?

आणि काट्यानं खरंच काही केलं नसेल तर त्यानं छाती पुढे काढून सांगावं. गप्प का बसलाय? शाळेतही असाच होता. माझ्या वाटची छडी खाऊन यायचा आणि गप्प बसायचा. निर्दोष माणूस गर्जतो!

खुलासा देणार नाही. खुलासा दिला म्हणजे आरोप केला होता हे कबूल केल्यासारखं होतं.

माझा लोभ माझ्या मतांइतकाच पक्का आहे हे विसरू नकोस.

दादा

३ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

घड्याळ सापडलं.

भिंती रंगवायच्या म्हणून परवा कार्डांचं कपाट सरकवलं. मागे, फळी आणि भिंतीच्या मध्ये, धुळीत पडलं होतं. वरच्या खणाची मागची फळी निखळली आहे, हे मला वर्षभर माहीत होतं. ते हातात घेतलं आणि सगळं आठवलं. घड्याळजींनी ते पेटीत ठेवलंच नव्हतं. फुंकर मारून माझ्या हातात दिलं होतं. तेवढ्यात कुणीतरी पुस्तक बदलायला आलं, मी ते वरच्या खणात टाकलं आणि विसरले. शेवटचा हात माझा होता, दादा. आणि मी तुला काय लिहिलं!

तशीच समोर पळत गेले. दुकानाची पाटी उतरवलेली होती. ते लहान लहान स्क्रू कागदाच्या पुड्यांत बांधत होते. मुलीकडे जायला निघाले होते, कायमचे. मी रडत, अडखळत सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. एवढंच विचारलं, की घड्याळ हरवलं तेव्हा मांजरं काय करत होती. मी फौजदाराचं सांगितलं. किती वेळ बसला, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, शनिवार सकाळपासून रविवारी झोपेपर्यंत. त्यांनी डोळ्यावरचं भिंग काढलं आणि म्हणाले, हे घड्याळ पूर्ण किल्ली दिली की छत्तीस तास चालतं. तो टिकटिक ऐकत होता. थांबली तसा उठला. मला तेव्हाच हे कुणी सांगितलं असतं तर मी सरळ कपाटाकडे गेलो असतो.

मला कुणी विचारलं नाही, असं ते म्हणाले नाहीत. पण मला तेच ऐकू आलं. गप्प का असतात म्हणून मी संशय घेतला होता, तेही कळलं. नजर कमी होत चालली होती, ते कुणाला कळू नये म्हणून.

आपण पुस्तकात मांजर हुशार केलं आणि घरातल्याचं ऐकलं नाही. ते आज सकाळी गेले. जाताना भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली देऊन गेले.

तू ये. लोभाचं नंतर बघू.

धाकटी

१९ नोव्हेंबर

प्रिय काट्या,
स. न. वि. वि.

धाकटीकडून पत्ता घेतला. तू मला शाळेत नगारा म्हणायचास. हे पत्र नगाऱ्याचं नाही, असं समजून वाच.

मी रविवारी गावी गेलो होतो. वाचनालयात सभा लावली, गावभर कळवलं. सगळे आले. माझ्या एका ओळीनं एका प्रामाणिक माणसाचं दुकान बंद पाडलं, हे मी उभं राहून सांगितलं. मी चुकलो, तुम्हीही चुकलात, आणि ज्याची क्षमा मागायची तो इथे नाही, हेही सांगितलं. बेकरीवाल्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, पोचलं.

मग त्यांनी टाळ्या वाजवल्या, काट्या. कडकडून. पोस्टातल्या बाई जवळ येऊन म्हणाल्या, आजवरचं तुमचं सर्वांत रंगलेलं भाषण. आणि एकानं विचारलं, हाच आठव्या पुस्तकाचा विषय आहे का. चाळीस वर्षं ज्या टाळ्यांसाठी घसा फोडला, त्या माझ्या कानशिलात बसल्या. फौजदार तेवढा उठून बाहेर गेला.

क्षमा मागायचीसुद्धा मी सभाच केली. तुझ्या दारात एकट्यानं यायचं सोडून. माझ्या वाटची छडी खाऊन तू गप्प बसायचास, त्यालाही मी तुझा दोष म्हटलं होतं. धाकटीनं हे तुला कळवलं नसेल, म्हणून मी कळवतो.

प्रकाशकाला पुस्तक मागे घ्यायला सांगितलं आहे. बाजारात गेलेली हजारो पुस्तकं परत येणार नाहीत, हे तो म्हणतो आणि ते खरं आहे. तू सांगशील ते करीन. यायला सांगितलंस तर येईन, येऊ नको म्हणालास तर येणार नाही.

लोभ असावा म्हणायला तोंड नाही.

तुझा
नगारा

२ डिसेंबर

प्रिय नगाऱ्या,
नमस्कार.

पत्र मुलीनं वाचून दाखवलं आणि उत्तरही तीच लिहिते आहे. मला आता बारीक अक्षर दिसत नाही. त्यामुळे दुकान कधीतरी बंद होणारच होतं. ते कसं बंद व्हावं, एवढंच माझ्या हातात राहिलं असतं तर बरं वाटलं असतं.

इथे खिडकीजवळ मला एक टेबल दिलंय. शेजारचे गजराची घड्याळं आणून देतात. ती मी हातानं चाचपून, कानाला लावून दुरुस्त करतो.

नऊ वर्षांची नात आहे. तुझ्या मांजरांची वेडी आहे. परवा तिनं सातवं पुस्तक आणलं आणि माझ्या मांडीवर बसून मोठ्यानं वाचायला लागली. मुलीनं ते हिसकून घ्यायला हात पुढे केला, मी नको म्हटलं. शेवटपर्यंत ऐकलं. नातीनं विचारलं, तो कुलूपवाला तुमच्यासारखा चालतो का हो आजोबा. मी म्हटलं, असे पुष्कळ लोक चालतात. तिला पटलं. मुलगी आत निघून गेली.

येऊ नकोस. तू आलास की बोलशील, आणि तू बोललास की मला तुझं पटतं. शाळेपासून तसंच आहे. अजून थोडे दिवस मला पटायला नकोय.

धाकटीला सांग, किल्ली मी दाखवली होती तशी दर शनिवारी सावकाश दे, आणि पेटीतल्या घड्याळालाही देत जा. चहा एक कपच कर, दोन करून गार करू नकोस.

पुस्तक मागे घेऊ नकोस. माझा पाय काढ, असंही म्हणत नाही. नवी आवृत्ती निघेल तेव्हा तू गाळलेलं वाक्य तेवढं परत घाल. मांजर कपाटासमोर दीड दिवस बसलं होतं आणि मग उठून गेलं. पुढे काही समजावून सांगू नकोस. नात माझ्याजवळ बसून घड्याळं ऐकते. तिची ती शोधून काढेल.

तोवर माझा लोभ किल्ली न दिलेल्या घड्याळासारखा आहे. बंद आहे, मोडलेला नाही.

तुझा
काट्या