उसवलेला पंजाबी ड्रेस

मी, उमाबाई मलप्पा बिरादार, वय अडुसष्ट, धंदा लेडीज टेलर, राहणार उदगीर, जिल्हा लातूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने व स्वखुशीने लिहीत आहे. कोणाचे दडपण नाही. सुईत दोरा अजून एका दमात ओवते. डोके ठिकाणावर असल्याचा यापेक्षा मोठा पुरावा माझ्याकडे नाही.

१. दोन खोल्यांचे राहते घर मी शिवणकामावर घेतले आहे. ते माझी एकुलती एक मुलगी वर्षाराणी, राहणार नांदेड, हिला द्यावे. माझे दीर अण्णाराव यांचा त्यात काडीचा संबंध नाही. यजमान वारले तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. "विधवेनं दारात मशीन मांडायची न्हाई," असे म्हणणारे तेच.

२. पायमशीनही वर्षाराणीलाच. कारण लिहून ठेवते, तोंडाने तीस वर्षांत जमले नाही.

सन १९९५. कॉलेजच्या पोरी साडी सोडून पंजाबी ड्रेसवर आल्या होत्या. मी दिवसाला तीन-तीन शिवत होते. वर्षाराणी सोळा वर्षांची. म्हणाली, "आई, गावाच्या पोरींना शिवतीस, मला का न्हाई?"

मी म्हणाले, "बाप नसलेल्या पोरीकडं लोक लई बघतात."

तिने उरलेले तुकडे जोडून गुपचूप एक ड्रेस शिवला. घालून निघाली तेव्हा अण्णाराव ओट्यावर बसले होते. "वैनी, पोर हाताबाहेर चालली," म्हणाले. मी तिला आत नेले, ड्रेस उतरवायला लावला आणि तिच्यासमोर एकेक शिवण उसवली. ती रडली नाही. पुन्हा मशीनला हात मात्र लावला नाही.

वर्षा, बाही माझ्यापेक्षा सरस बसली होती. मी लोकांना भ्याले. माझे चुकले. मशीन चालव, नाहीतर विकून टाक, तुझी मर्जी.

३. बँकेतली ठेव नात दामिनीला, तिच्या शिक्षणासाठी. ती लातूरला शिकते. दोन वर्षांपूर्वी आईसोबत सुट्टीला आली, तेव्हा तिची जीन्स दोन्ही गुडघ्यांवर फाटलेली. पोरीचे हाल होत असतील असे वाटून, ती आंघोळीला गेली तेवढ्यात मी दोन्ही गुडघे रफू केले.

"आजी, हे दुकानातच फाडून मिळतंय," ती म्हणाली.

मी लगेच कात्री घेतली. "आण, उसवून देते."

"राहू दे. छान झालंय." तीच घालून ती बाजारात गेली. दारात उभी असलेली वर्षाराणी हसली. या घरात तिचे हसू मी फार वर्षांनी ऐकले.

दामिनीने काय घालावे हे तिने ठरवावे. तिच्या आईने नाही, मीही नाही.

४. गेल्या दिवाळीत दामिनीने माझ्या मापाचा फिका जांभळा पंजाबी ड्रेस आणला. जन्मभर दुसऱ्यांना शिवला, स्वतःच्या अंगाला कधी लावला नव्हता. घालून चौकापर्यंत गेले. पाय मोकळे पडत होते. भाजीवाली म्हणाली, "मावशी, शोभायलंय." बाकी कोणी मानही वळवली नाही. ज्यांना भिऊन मी जन्म काढला, ते लोक कुठे गेले कोण जाणे.

मला समाधी देताना विभूती, रुद्राक्ष सगळे आमच्या लिंगायत रिवाजाप्रमाणे करावे. अंगावर मात्र तोच ड्रेस असावा. अण्णाराव भावजी काही बोलले तर भांडू नये. त्यांना सावलीत बसवून पाणी द्यावे. आता तेही थकलेत.

वरील मजकूर मी पुन्हा वाचला, तो माझाच आहे.

सही : उमाबाई मलप्पा बिरादार

साक्षीदार :
१. खातूनबी दस्तगीर शेख, शेजारीण
२. संगमेश्वर आप्पासाहेब स्वामी, निवृत्त शिक्षक

ठिकाण : उदगीर
दिनांक : १४ नोव्हेंबर २०२५