टाकीतलं झेनोनचं वळण

शनिवार, १६ मार्च
ठरलं. लेकीच्या, बेआताच्या घरी काचेची मोठी टाकी धूळ खात पडली आहे. ती आणायची आणि तिच्यात पिलित्सा नदी करायची. सगळी नदी नाही, फक्त झेनोनचं वळण. पिवळी वाळू, पाण्यात आडवं पडलेलं विलोचं झाड, त्याच्या मुळांत मासे. एकतीस वर्षं दर शनिवारी माझा नवरा तिथे गळ टाकून बसला आणि मी एकदाही गेले नाही. बायका आल्या की मासे लागत नाहीत, म्हणायचा. नोव्हेंबरात तो गेला. आता त्याचे शनिवार मला बघायचेत.

९ जुलैला त्याचा नामदिन, त्याच्या नावाच्या संताचा दिवस. नामदिनाला बोलवावं लागत नाही, माणसं येतात. तोवर नदी वाहती पाहिजे.

लेकीला फोन केला. म्हणाली, आई, त्यापेक्षा कुत्रा पाळ. निदान तो ऐकून तरी घेईल. काय बोलते तिचं तिला ठाऊक.

सोमवार, १८ मार्च
वाचनालयातून मासे पाळण्याचं पुस्तक आणलं. सातवीनंतर शाळा सुटली, चपलांच्या कारखान्यात हात झिजले, पण वाचनालयाचं चौथं कपाट संपत आलंय. पुस्तक म्हणतं, मासे सोडण्याआधी टाकी महिनाभर नुसती चालू ठेवा. हे नवख्यांसाठी असावं.

मोठ्याने वाचलं. सवय आहे. झेनोनला रोज जेवणानंतर वाचून दाखवायचे. इतकं मन लावून ऐकायचा की डोळे मिटायचे. शनिवार तर मी लांब वाचनासाठीच ठेवला होता, तीन ते सात. नेमका तोच दिवस मासेमारीत जायचा. मासे शनिवारीच लागतात, गेनिया, माझा काय इलाज, असं दारात उभं राहून म्हणायचा. बिचाऱ्याला शेवटपर्यंत चुटपुट होती.

शनिवार, २३ मार्च
लुद्विककडे गेले. झेनोनचा जन्माचा मित्र, नदीवर दोघं बरोबर असायचे. म्हटलं, वळण दाखवा. मान खाजवली. म्हणाला, वहिनी, आज गुडघा धरलाय. पुढच्या शनिवारी.

शनिवार, ३० मार्च
गुडघा. वर म्हणाला, नदी कुठे पळून चाललीय, वहिनी?

शनिवार, ६ एप्रिल
एकटीच गेले. बस, बादली, फावडं. पाटीवरचं नाव झेनोन सांगायचा तेच, वळणही तेच, पण विलो नाही. सिमेंटचा बांध, कुंपण, पंपघर. खाली लांब एक हिरव्या टोपीवाला गळ टाकून बसला होता. तो म्हणाला, कुठली विलो, बाई? बांध झाला तेव्हाच तोडली. बारा वर्षं झाली. इथे आता बेडूकसुद्धा येत नाही. झेनोनचं नाव त्याने ऐकलेलं नव्हतं. स्वतः दर शनिवारी इथेच असतो म्हणे.

उघड आहे. झेनोन आणखी वर कुठेतरी बसत असणार. पक्का मासेमार आपली जागा कुणाला सांगत नाही, बायकोलाही नाही. मला अभिमानच वाटला.

वाळू टोपीवाल्याच्या जागेवरून घेतली. विलोचं मूळही तिथलंच. ड्रायव्हर म्हणाला, आजी, ही बस आहे, ट्रॉली नाही. मुळाचं तिकीट काढायला तयार होते. शेवटी फुकट नेलं.

शनिवार, १३ एप्रिल
टाकी झेनोनच्या खुर्चीसमोर मांडली. वाळू पुस्तकात सांगितल्याप्रमाणे सात वेळा धुवायची होती. दोन वेळा धुतली. धुऊन नदी नदी राहते का? पाणी ओतलं. ताक झालं. संध्याकाळपर्यंत निवळेल.

रविवार, १४ एप्रिल
निवळलं नाही. मुळातून जळवा निघाल्या. तीन. हे खरेपणाचं लक्षण आहे.

शुक्रवार, १९ एप्रिल
ईस्टरआधीचा उपवासाचा शुक्रवार. मांस चालत नाही, मासा हवा. आयुष्यात पहिल्यांदा बस स्टॉपजवळच्या मासळीच्या दुकानात गेले. आजवर गरजच पडली नव्हती.

दुकानाची मालकीण तेओदोरा. ओळखलंन. अगंबाई, तुम्ही झेनोनरावांच्या मंडळी ना? दर शनिवारी साडेसहाला यायचे हो. दोन मासे, पोट साफ केलेले. खवले मात्र काढू द्यायचे नाहीत. म्हणायचे, खवले राहू दे तेओदोरा, घरी खरवडायला मिळाले पाहिजेत. किती हौस होती हो तुमची त्यांना.

बाहेर आले. बारा वर्षं, नाहीतर अठरा, कोण जाणे किती वर्षं, दर शनिवारी मी मोरीत उभी राहून ते खवले खरवडले. केसांत जायचे. तो पाठीमागून म्हणायचा, आज जरा झुंज दिली याने.

काही दिवशी मासे लागत नाहीत. कुणालाच नाही. रिकाम्या हाताने घरी यायला पुरुषाला जड जातं. एवढंच. दर शनिवारी नसेल. तेओदोरा वाढवून सांगते.

उपवासाला अंडी खाल्ली.

शनिवार, ४ मे
पाणी स्वच्छ. पुस्तकाने महिना म्हटलं होतं, मला तीनच आठवडे लागले.

झेनोनची गळांची पेटी उघडली. त्यात मासेमार मंडळाची वही. पकडलेला प्रत्येक मासा तीत लिहावा लागतो, तारीख, जात, लांबी. झेनोनचं अक्षर लहान, नेटकं. शेवटची नोंद जून २००७. पुढची पानं कोरी.

बांध झाला तेच वर्ष. नंतर तोंडपाठ ठेवत असेल. स्मरणशक्ती चांगली होती.

वही परत पेटीत ठेवली. मग काढून कपाटात ठेवली. मग पुन्हा पेटीत.

शनिवार, १८ मे
मासे आले. लुद्विकने सहा आठवडे कबूल करून आणले नाहीत. त्याच्याकडे गळच नाही, हे मला आज कळलं. हिरव्या टोपीवाल्याने दिले. बोटाएवढे पाच, मिशीवाले, वाळूवर पोट टेकून बसतात. म्हणाला, बाई, यांना शांतता लागते, तेवढी सांभाळा.

आमच्या घराइतकी शांतता कुठे आहे? तीन वाजता खुर्चीत बसले आणि वाचायला घेतलं, जमीनदार घराण्याचा चार खंडांतला इतिहास. पाचही मुळामागे गेले. नवीन जागा आहे.

शनिवार, १ जून
दुसरा खंड. सगळे मुळामागे. लाजतात.

शनिवार, १५ जून
उकाडा. नदीच्या माशांना गार पाणी लागतं. फ्रीजरमध्ये बाटल्या गोठवून टाकीत सोडते. आज एक बाटली फुटली. ती आंबटचुक्याच्या सूपची होती. हिरवं पाणी, वर साय. दुपारभर बादल्या उपसल्या. पाचही जिवंत.

वाचन अर्धा तासच झालं. मासे मुळामागे. तिथूनही ऐकू येत असणार.

मंगळवार, ९ जुलै
नामदिन. केक केला, चेरीची दारू काढली. बेआता येऊन गेली. टाकी बघून म्हणाली, आई, सुरेख झालीय गं. बाबांना… तिलाही ठाऊक होतं, असं आता वाटतं.

लुद्विक पाचला आला, कार्नेशनची फुलं घेऊन. दोन ग्लास प्याला. टाकीपुढे उभा राहून बराच वेळ बघत राहिला आणि रडायला लागला. म्हणाला, वहिनी, तुम्ही एवढं सगळं केलंत, आता मला खोटं बोलवत नाही. बांध झाल्यापासून झेनोन नदीवर गेलाच नाही. माझ्या गॅरेजमध्ये यायचा.

विचारलं, कोण होती तिथे?

कोणी नाही हो, वहिनी. खुर्ची होती. बसायचा.

पत्ते खेळायचात?

नाही. रेडिओसुद्धा लावू द्यायचा नाही. म्हणायचा, लुद्विक, आठवडाभर मी ऐकतो. शनिवारी जरा…

वाक्य पुरं केलं नाही. टोपी घेऊन गेला. केक तसाच.

बुधवार, १० जुलै
गॅरेज बघून आले. पत्र्याचं, बाहेरून कुलूप. लुद्विकने उघडलं आणि स्वतः बाहेरच थांबला. आत खिडकी नाही. एक खुर्ची, पाठीवरचं कापड डोकं टेकून टेकून काळं पडलेलं. भिंतीला झेनोनचे गळ, त्यांच्यावर जाळी. बघण्यासारखं काहीच नाही. समोर नुसती भिंत.

दुसरी बाई असती तर तिचं तोंड तरी बघता आलं असतं. मी भिंतीकडे बघून आले.

लुद्विकचं वाक्य मी दिवसभर वेगवेगळ्या तऱ्हेनं पुरं करून बघितलं. शनिवारी जरा पाय मोकळे. शनिवारी जरा पुरुषांत. एकही बसत नाही.

शनिवार, १३ जुलै
तीनला बसले. तिसरा खंड, पान २१२. मनात वाचलं. ओठ हलत होते, त्यांच्यावर बोट ठेवलं. अवघड जातं.

वीस मिनिटांनी एक मिशीवाला मुळामागून आला. मग दोन. चारच्या सुमाराला पाचही काचेशी होते.

मी मान वर केली नाही. सातपर्यंत वाचलं.