फ्लेक्सवर मी हासून राह्यली

मंगळवार, मे महिना, संध्याकाळ

लकी ड्रॉत भेटलेला कूलर आज लावला, तर सासूबाईले करंट बसला. थोडक्यात वाचल्या. मी तशीच ऑटोनं साडीच्या दुकानात गेली. बक्षीस देताना "ताई, ताई" करणारा मालक आज म्हणे, "बाई, फुकटच्या वस्तूची कायची गॅरंटी?"

फुकट? नणंदेच्या लग्नाच्या साड्या त्याच्याकडूनच घेतल्या, म्हणून तर कुपन भेटलं!

बाहेर फ्लेक्सवर माझाच फोटो. कूलरवर हात ठेवून हासून राह्यली मी. तो पाहून एक बाई पोरीले घेऊन आत शिरली. मी काहून गप्प राह्यली?

ग्राहक मंचात तर जाईनच. पण उद्या आधी कूलर त्या फ्लेक्सखाली नेऊन ठेवते, अन् बाजूले मी उभी राह्यते. येणाऱ्या बायकांनी फोटोतलं तोंड पाहावं, अन् माझंही पाहावं.