आईच्या माथी

४ फेब्रुवारी १९६८, कोपनहेगन
आकडे जुळले! आजारी आयांची, जन्मतःच दत्तक दिलेली, चांगल्या घरांत लाडाकोडात वाढलेली मुलं — आणि तरी वेडाचा आजार त्यांना गाठतो. इतर दत्तक मुलांपेक्षा कितीतरी जास्त! प्राध्यापक ल्युंगे म्हणाले, "गुड्रुन, आता आयांना बोल लावणाऱ्यांची तोंडं बंद!" मी हसले. मग दार लावून रडले.

५ फेब्रुवारी
इस्पितळात एब्बेला भेटले. धाकटा भाऊ माझा. ऐन विशीत तिथे दाखल झाला, तो तिथलाच झाला. कॉफी पुढे केली तर म्हणतो, "आधी तू पी, ताई. मग मला भीती नाही."
तेव्हाचे डॉक्टर आईला तोंडावर म्हणाले होते — "बाई, तुम्ही माया दिली नाहीत, म्हणून हे झालं." आई! जी त्याचे मोजे शेगडीवर गरम करून घालायची! तिनं ते ऐकून घेतलं. पुढे गावभर कुजबुज. तीही ऐकून घेतली.

११ फेब्रुवारी
फोल्मरला मुलगी झाली म्हणे. त्याच्याशी लग्नाला मीच नाही म्हटलं होतं. एब्बेचं रक्त तेच माझं — कुठल्या तोंडानं मूल मागणार होते? बरंच केलं. आकडेही तेच सांगतात.

१२ फेब्रुवारी
बरं केलं.

१७ फेब्रुवारी, थायबोरॉन
गावी घरी पोचले तर आई हेरिंग मासे तळत होती. मागून मिठी मारली. "आई, तुझ्या मायेत काही कमी नव्हतं! सिद्ध केलंय मी. ते रक्तातून येतं."
तिनं तवा खाली उतरवला. "रक्तातून?"
"हो."
"छापणार हे?"
"छापणारच! तुझ्यासाठीच तर केलं सगळं."
"एब्बे वाचेल?"
जेवली नाही. खोलीत जाऊन पडली. मूर्ख मी! मायेचा दोष काढला आणि रक्ताचा तिच्याच माथी मारला.

१८ फेब्रुवारी
थांब्यावर, बस दिसू लागल्यावर, आई बोलली. माझ्याकडे न बघता. "एब्बे माझ्या पोटचा नाही. अगदी तान्हा आणला. तू मामाकडे होतीस, फार लहान. डॉक्टर मला नाही नाही ते बोलले ना, तेव्हा आतून बरंच वाटलं गं. त्याची आई समजूनच बोलत होते."