चढावाला धूर नाही

४ फेब्रुवारी १९८७

आज पुन्हा तेच! आंबा घाटात निम्म्यावर गाडीने जीव टाकला. ट्रकमध्ये जांभ्याचे चिरे भरलेले होते, मान्य — पण याहून जड भरून ही बाई गाणं म्हणत चढलेली आहे. मागे एसटी, तिच्या मागे रांग, सगळे हॉर्नवर बसलेले. एसटीचा ड्रायव्हर पुढे जाताना म्हणाला, "बैल जोड पुढं." रघू शिंद्याच्या गाडीला बैल! कान तापले माझे.

६ फेब्रुवारी

मालकांना कळलं. अशा बातम्या घाटातून माझ्याआधी घरी पोचतात. मालक म्हणजे गोपाळकृष्ण, भाट्याला त्यांच्या आंब्याच्या बागा. माणूस ओरडणारा नाही. पान लावत म्हणाले, "रघू, हापूस निघायच्या आत गाडी घाट चढायला हवी. नाहीतर ती भंगारात देऊ. काय करणार, म्हातारी झाली." मग मला चहा विचारला. चहा कसला गोड लागतोय.

माझी गाडी भंगारात? लांब नाकाची आहे, जुनी आहे, पण तिच्या जिवावर माझं घर उभं आहे. ती नसली तर मी कोण? पालीच्या नाक्यावर उभा असलेला एक माणूस.

८ फेब्रुवारी

गाडी पालीला महिपतच्या गॅरेजात नेली. महिपतकडे जायचं म्हणजे वैद्याकडे गेल्यासारखं. गाडीला हात लावायच्या आधी ड्रायव्हरला प्रश्न. डाव्या हाताची दोन बोटं त्याची वाकडी, फॅनबेल्टमध्ये गेली होती म्हणे. त्या हाताला कायम फडकं गुंडाळलेलं. आम्ही सगळे त्याला 'फडकेशास्त्री' म्हणतो. तोंडावरही म्हणतो, हसतो बिचारा.

लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर आणि मूठ कानाला लावून ऐकत बसला. मग एकेका नोझलचा नट सैल करून बघितला — जो सैल केल्यावर आवाज बदलत नाही, तो सिलेंडर आजारी. चारही वेळा... छे, सगळेच धडधाकट. डिझेलच्या नळीत हवा नाही, पाणी नाही, फिल्टर नवा घातला.

शेवटी म्हणाला, "चढणीला धूर कसला येतो रे?"

मी म्हटलं, "धूरच येत नाय. एकदम स्वच्छ."

मला वाटलं, खूश होईल. तो वाकून सायलेन्सर बघायला लागला. धूर म्हणजे महिपतची पोथी. काळा आला तर डिझेल जास्त, निळा आला तर ऑईल जळतंय, पांढरा आला तर कच्चं डिझेल नाहीतर पाणी. "धूर येतो ती गाडी बोलते," म्हणाला. "भरलेली गाडी घाटात काळा धूर टाकनारच. तुजी मुकी कशी झाली?"

११ फेब्रुवारी

फुकट गेलं सगळं. घाटातल्या दख्खनच्या वळणावर पुन्हा मेली. भरलेली गाडी पहिल्या गिअरमध्ये सरपटत वर नेली. महिपतचे कान म्हातारे झाले असणार.

१२ फेब्रुवारी

राहीशी भांडण. बाजारातून आलो तर एका पायात चप्पल. दुसरी कुठे गळली, मला पत्ताच नाही. राही, माझी बायको, म्हणाली, "रस्त्यानं येताना पायाला खडे लागले नाय तुमच्या?" मी म्हटलं, गाडीच्या काळजीत माणसाला चपलेचं भान नसतं. ती उजव्या पायाकडे बघत राहिली. टाचेजवळ फोड आहे मोठा. गरम सायलेन्सरला पाय टेकला असेल. तिने खोबरेल लावलं. तेवढ्याने मला जास्तच राग आला.

१७ फेब्रुवारी

महिपतने डिझेलचा पंप उतरवून साफ करून आणला. आज खाली सपाटीला गाडी वाऱ्यासारखी. घाटात — मढं! गॅरेजात जाऊन तोंड सोडलं त्याच्यावर. गिऱ्हाइकांसमोर. म्हटलं, स्टोव्ह दुरुस्त कर जा. तो फडक्याने हात पुसत ऐकत होता. म्हणाला, "उद्या भरून आन. मी येतो संगती."

१८ फेब्रुवारी

आजचं लिहायला हात होत नाही. पण लिहितो.

साखरप्याच्या पुढे घाट सुरू झाला. महिपत शेजारी. पहिल्या वळणातच गाडी रडायला लागली. तो खिडकीतून मागे वाकून सायलेन्सर बघत होता. मग म्हणाला, "थांब. मना दे."

आमच्या लाइनीत हे कुणी मागत नाही. ड्रायव्हर शुद्धीत असताना त्याचं स्टिअरिंग मिस्त्रीने घ्यायचं नसतं. गाडीला काय होतंय ते ड्रायव्हरने सांगायचं आणि मिस्त्रीने ते खरं धरायचं. म्हणून तर त्याने इतके दिवस गाडी खोलली, माझा शब्द नाही. थोबाडीत मारली असती तरी इतकं लागलं नसतं. पण मागे हॉर्न वाजायला लागले. उतरलो.

महिपतने पाय दिला आणि गाडी गरजली. आरशात बघितलं — काळा धूर! दाट, लोळच्या लोळ. तेच चिरे, तोच घाट, गाडी खुशाल चढली. मी माझ्याच गाडीत पाहुण्यासारखा बसलो होतो.

वर चहाच्या टपरीवर मला बाकावर बसवलं. "चप्पल काड. डोळं मीट. मी काडीनं टोचतो, लागला का सांग."

मी डोळे मिटले. वाट बघितली. म्हटलं, "चालू कर की."

म्हणाला, "झाला करून."

डोळे उघडले. तळव्यात काडी रुतून रक्त आलं होतं. गाडीत दोष नव्हता कधीच. मला वाटत होतं मी पॅडल तळाला नेलंय, आणि पाय नुसता वर ठेवलेला. गाडीला डिझेलच देत नव्हतो मी.

गुडघ्याखाली फिकट चट्टा आहे. पाऊस संपल्यापासून आहे. गजकर्ण म्हणून मलम लावत होतो. महिपतने तो बघितला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्याने रोगाचं नाव घेतलं नाही. मला कळलं. मी रडलो. टपरीवाला दुसरीकडे बघत राहिला.

२० फेब्रुवारी

महारोग. लिहून बघितलं. लिहिल्याने कमी होत नाही.

राहीला सांगितलं नाही. सांगितलं आणि ती ताट वेगळं करायला लागली तर?

२१ फेब्रुवारी

सांगितलं. ताट वेगळं केलं नाही. म्हणाली, "चप्पल गळली तवाच मना शंका आली होती." मग कोंबडीला हाकलायला म्हणून परसात गेली आणि बराच वेळ आली नाही. आल्यावर माझ्याच पेल्यातलं पाणी प्यायली.

२५ फेब्रुवारी

महिपत रत्नागिरीच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरीणबाई तरुण आहेत. गुडघ्यामागची शीर चाचपली, कापूस फिरवला. "वेळेत आलात. गोळ्यांनी रोग पूर्ण बरा होतो. बायकोला आणि मुलांनाही दाखवा." पाय पुन्हा जागा होईल का विचारलं. "थोडाफार होईल कदाचित, शब्द देत नाही. तोवर पायाला डोळ्यांनी सांभाळायचं. आणि घाटात ट्रक नाही."

गोळ्यांनी लघवी लाल होते. घाबरू नका म्हणून आधीच सांगितलं होतं, तरी घाबरलो.

६ मार्च

राहीला आणि पोरांना काही नाही. देवीला नारळ दिला.

१० मार्च

मालकांना काय सांगायचं याने झोप नाही. महिपतच भाट्याला जाऊन आला. म्हणाला, "गाडी ठणठणीत हाय, विकू नका. रघूच्या पायाची शीर गेली, त्याला मी ठेवून घेतो." खोटं एक अक्षर नाही. पण सगळं सांगितलंही नाही. मालकांनी माझ्यासाठी कोकमं पाठवली आहेत.

२ एप्रिल

गॅरेजात बसतो. हळूहळू ऐकायला शिकतोय. तोंड सोडलं होतं त्याबद्दल महिपतपुढे काहीतरी पुटपुटलो. "मना ऐकायलाच आला नाय," म्हणाला.

१९ एप्रिल

आज हापूस भरून माझी गाडी घाटाला गेली. मालकांचा नवा ड्रायव्हर धोंडू चालवत होता. मी नाक्यावर उभा. त्याने हॉर्न दिला, हात केला. पोरगा चांगला आहे, पण गिअर जरा लवकर टाकतो. नाक्यापुढच्या चढाला लागली तसा धूर आला — काळाभोर. ती बोलत होती आणि ते माझ्याशी नव्हतं. पेट्यांचा वास रस्त्यावर राहिला होता. मी तिथेच उभा राहिलो, लोक बघत होते तरी.

२० एप्रिल

सकाळी महिपतला विचारलं, "नुसत्या धुरावरून माझा पाय कसा ओळखलास?"

त्याने इकडेतिकडे बघितलं. मग हाताचं फडकं सोडलं. वाकडी बोटं माझ्यासमोर धरली आणि म्हणाला, "फॅनबेल्ट नाय रे ता."