पहिली पाळी

ता. ४ फेब्रुवारी

ती. अक्का हिस,
सा. न. वि. वि.

इकडील क्षेम कितपत खरे ते पुढे वाचशीलच. वीज कंपनीने हात आखडला आहे आणि फेरोमँगेनीजच्या प्रत्येक भट्टीला पाळीपाळीने दोन दिवस बंद राहावे लागणार, असे आमचे मालक सांगत होते. पाळ्या उत्पादक संघटना ठरवणार. संघटना म्हणजे चिटणीस, आणि चिटणीस म्हणजे तू. तेव्हा आमची पाळी पुढच्या महिन्यात टाक.

मधल्या इलेक्ट्रोडला तडा गेला आहे. दोघांच्या कवेत न मावणारा तो कार्बनचा खांब तापलेला आहे तोवर उभा आहे. भट्टी गार करून पुन्हा वीज सोडली की तुटून आत पडेल. मग भट्टी गेली आणि भट्टीप्रमुख म्हणून मीही गेलो. खांब खालून जळत जातो, महिन्याभरात तडा आपोआप संपेल. तेवढी मुदत हवी.

हे कोणाजवळ बोलू नकोस. मालकांची सक्त ताकीद आहे. गिऱ्हाइके पळतील, आणि नदीपलीकडच्या कारखान्याचा भट्टीप्रमुख, आमचा एरंडेल, जन्मात पहिल्यांदा हसेल.

लोभ आहेच, या वेळी जरा जास्त लागेल.
तुझा बाळ

ता. ७ फेब्रुवारी

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. सूट हवी असेल त्याने अर्ज करायचा आणि दुसऱ्या दोन कारखान्यांच्या भट्टीप्रमुखांना भट्टी दाखवायची, हा नियम आहे. तुझ्या मालकांना दाखवायची लाज वाटत असेल तर तो त्यांचा प्रश्न.

लहानपणी कलिंगड मी कापायचे. कापणाऱ्याने शेवटची फोड घ्यायची, असा आईचा दंडक होता, आणि तरीही तू माझ्या हातावर डोळा ठेवून बसायचास. आता सगळे सभासद तसेच बसले आहेत. भावाची पाळी मागे सारली तर मला येत्या सभेत मान वर करता येणार नाही. कोणालाच नको असलेली पहिली पाळी, वीस तारखेची, मी तुम्हाला लावली आहे. कोणी बोट दाखवायला नको.

हे पाकीट दोनदा फोडून पुन्हा चिकटवले. मजकूर तोच राहिला. पोटाला वेळेवर खात जा, तुझे केस पिकले तरी सांगावे लागते.

आशीर्वाद आहेतच, मागायला नकोत.
अक्का

ता. १० फेब्रुवारी

ती. वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

तुमचे पत्र त्यांनी घडी करून चष्म्याच्या घरात ठेवले आणि चष्मा बाहेर. तेव्हापासून तो शोधत फिरतात. माणूस एका जागी टेकत नाही. घास हातात घेऊन गच्चीत जातात, धुराडे बघून येतात. चहात साखर दोनदा घालतात आणि गोड झाला म्हणून मलाच बोलतात. मालकांचा फोन वाजला की आधी माझ्याकडे बघतात, मग उचलतात.

लहान तोंडी मोठा घास घेते. तुमचा नियम बरोबर आहे. पण पहिली पाळी भावाला लावावी, हे कोणत्या नियमात बसते? भाऊ म्हणून सवलत देऊ नका, पण भाऊ म्हणून शिक्षा तरी कशाला?

पत्र लिहिल्याचे त्यांना माहीत नाही. रागावलात तर माझ्यावर रागवा.
आपली भावजय

ता. १४ फेब्रुवारी

मा. चिटणीस, उत्पादक संघटना यांस,

महोदया,
कालच्या सभेत आपण उभ्या राहून आमच्या इलेक्ट्रोडला तडा असल्याचे, भट्टीप्रमुख आपला भाऊ असल्याचे आणि म्हणून पाळ्या ठरवण्याचे काम सोडत असल्याचे जाहीर केलेत, असे मालकांकडून समजले. मालक तेवढे ऐकून तडक उठून आले. माझ्या जागी दुसरा माणूस बघतो, असेही ते म्हणाले.

विश्वासाने सांगितलेली गोष्ट चव्हाट्यावर मांडण्याचा नियम कितव्या पानावर आहे, ते कळवावे.

आपला,
भट्टीप्रमुख (सध्या)

ता. १७ फेब्रुवारी

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तो नियम कोणत्याही पानावर नाही. तुझा विश्वास मी मोडला, त्याची सबब सांगत नाही. भाऊ म्हणून शिक्षा कशाला, असे तुझ्या बायकोने मला विचारले होते; त्याचे उत्तर घरी बसून सापडेना, म्हणून सगळे सभेपुढे मांडले.

तुझे मालक थांबले असते तर पुढचे त्यांनीही ऐकले असते. मी पाळ्यांचे कागद टेबलावर ठेवले. मग तुझा एरंडेल उठला आणि आमच्याही इलेक्ट्रोडला तडा आहे म्हणाला. पाठोपाठ तिसरा उठला, मग चौथा. निम्म्याहून अधिक जण झाकली मूठ घेऊन बसले होते. विचारपूस केली तेव्हा कळले की इलेक्ट्रोड जिच्यापासून भाजून बनतो ती कार्बनची पेस्ट सगळ्यांनी गेल्या हंगामात एकाच पुरवठादाराकडून घेतली होती. एकमेकांना सांगावे म्हणून जी संघटना काढली, तिथे सगळे एकमेकांपासूनच लपवत होते, आणि मी त्यांचे नियम सांभाळत होते.

भट्ट्या बंद करण्याऐवजी सगळ्यांनी कमी विजेवर चालवाव्यात, असे वीज कंपनीला लिहिले आहे. उत्तर नाही. पाळी अजून वीसचीच आहे. मी फोन दर थोड्या वेळाने उचलून बघते, चालू आहे ना म्हणून. तुझ्या मालकांनाही सगळे लिहून कळवले आहे.

महोदया म्हण, हवे ते म्हण, पण लिही.
अक्का

ता. २४ फेब्रुवारी

ती. अक्का हिस,
सा. न. वि. वि.

वीज कंपनीचा होकार एकोणीसला आला, पाळ्या रद्द झाल्या. आणि एकवीसला इलेक्ट्रोड तुटला. भट्टी चालू असताना, कोणाचीही पाळी नसताना. इतके दिवस ज्याची धास्ती घेतली तो आवाज अखेर ऐकला.

तासाभरात एरंडेल आपली माणसे आणि साखळ्या घेऊन फाटकावर हजर. मालकांनी स्वतः फाटक उघडले. प्रतिस्पर्ध्यासाठी ते आजवर कधी उघडले नव्हते. तुकडा दोघांनी मिळून बाहेर काढला. तो हसला नाही. चहा पिताना एवढेच म्हणाला की भट्टीशी जन्मभर निभावेल, पण तुझ्या बहिणीचा भाऊ होणे आपल्याला झेपले नसते.

दुसरा माणूस बघण्याचा विषय मालक आता काढत नाहीत, माझ्याशी धड बोलतही नाहीत. नवा खांब भाजतो आहे, त्यात जीव अडकला आहे. तू सभेत काही बोलली नसतीस आणि मग तो तुटला असता, तर मी आज कुठे असतो, हे मात्र मला समजते. एरंडेल साखळ्या घेऊन आला नसता, तेही समजते.

राग अजून आहे. तो उतरायची वाट न बघता ये. कलिंगड आणून ठेवले आहे. या खेपेला सुरी माझ्या हातात, म्हणजे पहिली फोड तुझी. मोठी असेलच असे नाही.

तुझा,
बाळ