चाकाच्या पेटीतली जुनी तार

सोमवार, ४ फेब्रुवारी

जोफील्डची बोट माझ्याच गळ्यात! टिरेल बेच्या अख्ख्या किनाऱ्यावर दुसरी बोट नव्हती?

युलालीला सांगितलं, बोटदुरुस्तीचं हे यार्ड तुझं असेल, पण त्या माणसाच्या बोटीवर मी पाय ठेवणार नाही. ती म्हणाली, "क्लेओरा, ग्रेनाडाचा इलेक्ट्रिशियन ईस्टरपर्यंत मोकळा नाही. यंत्रं बसल्याशिवाय विमावाले कागद देत नाहीत. म्हाताऱ्याने आधी त्यालाच फोन केला होता, तूही नको होतीस त्याला."

नको होते! नवऱ्याचा जीव घेतला, आणि मी नको!

काम असं – पाण्याची खोली दाखवणारं यंत्र, वाऱ्याचं यंत्र आणि नकाशाचा पडदा, तिन्ही सुकाणूच्या चाकासमोर. तिन्हींच्या तारा खालून, चाकाच्या लाकडी पेटीतून वर आणायच्या. त्याच पेटीवर होकायंत्र आहे. हेच चाक माझ्या ॲन्सेलच्या हातात होतं.

मंगळवार, ५ फेब्रुवारी

सहा वर्षं ती बोट समुद्रबदामाखाली पडून होती. आता नव्या फळ्या, नवा रंग. जणू काही झालंच नाही.

जोफील्ड वर उभाच होता. मला बघून तोंड असं केलं, जसं खारवलेल्या माशात अळी निघाली.

"जुन्या तारांना हात लावायचा नाही," पहिलंच वाक्य. "नव्या शेजारून घाल."

म्हटलं, "कॅप्टन, तारांची नळी गच्च भरलीय. जुन्या काढल्याशिवाय नव्या जाणार नाहीत. बाहेरून नेल्या तर चाकाची साखळी आठ दिवसांत सोलून काढेल."

"साखळीला मी समजावतो. तू तुझं काम कर, पोरी."

खाली रंगवाले फिदीफिदी हसले. मी चव्वेचाळीस वर्षांची आहे. पोरी!

बुधवार, ६ फेब्रुवारी

मी वर असताना त्याने शिडी काढून नेली. म्हणे दुसऱ्या बोटीला हवी होती. अर्धा तास उन्हात वाळत बसले!

गुरुवार, ७ फेब्रुवारी

आज कामच केलं नाही. पेटीचं झाकण उघडलं की तो येऊन उभा राहतो. पेचकस हातातून काढून घेतला त्याने! "मी सांगितलं ना, आत खुडबुड नको." झाकण स्वतःच लावून टाकलं. रागाने नाही. भीतीने. मला कळतं.

चौकशीत काय म्हणाला होता, ते शब्दन्‌शब्द पाठ आहे मला. "मी खाली होतो. चाकावर ॲन्सेल होता. पहाटेची वेळ. डुलकी लागली असावी." बस्स. सिमेंटच्या गोण्यांसकट बोट खडकावर, ॲन्सेल पाण्यात, आणि हा जिवंत. तेव्हापासून दुकानात बाया हळूच म्हणतात – झोपला बिचारा. बिचारा! जो माणूस ताप असतानाही वल्ह्यावर झोपला नाही!

त्याच्या थडग्यावर दगड अजून बसवला नाही मी. सासूबाई वर्षाला दोनदा विचारतात – अगं, दगड बसवून त्याची मेजवानी कधी घालायची, लोक काय म्हणतील? कसा बसवू? दगडावर काय लिहू, झोपला? दुसऱ्या वर्षी हाच जोफील्ड रमची बाटली घेऊन दारात आला होता. "दगडाचं बघूया का?" म्हणे. बाटली त्याच्या पायाशी फोडली. रम जमिनीत गेली. ॲन्सेलला पोचली असेल.

शुक्रवार, ८ फेब्रुवारी

लिहायला नको, पण लिहिते. इथे कोण वाचणार आहे?

होकायंत्रातल्या दिव्याच्या दोन तारा एकमेकींना पीळ देऊन न्याव्या लागतात. सरळ नेल्या तर सुई ढळते. लोखंड, लोहचुंबक तर जवळपासही नको. ॲन्सेल गेल्यावर यार्डात आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात हे शिकले. त्याआधी मी घरांचंच वायरिंग करत होते – पंखे, दिवे, रेडिओ.

आज त्या दोन तारा हातात धरून पुष्कळ वेळ बसले. पीळ दिलाच नाही तर? सहा-सात अंश चुकेल. कुणाला कळणार नाही. मग बसव म्हाताऱ्या खडकावर, आणि सांग चौकशीला, डुलकी लागली!

पीळ दिला. बोटांनी आपणहून दिला. मेली बोटं!

शनिवार, ९ फेब्रुवारी

सापडलास, जोफील्ड!

तो कागदांसाठी हिल्सबरोला गेला. त्याची बस वळणाआड गेली आणि मी झाकण उघडलं. जुन्या तारांचा जुडगा धरून ओढला. खारटलेल्या, हिरव्या पडलेल्या. मधेच एक वेगळी निघाली – बारीक, दुपदरी, घरात रेडिओच्या कर्ण्याला लावतात तसली. कुठे जाते बघितलं. वर, होकायंत्राच्या बाजूला. आरसा घालून पाहिलं. तिथे लाकडावर गोल डाग, आणि चार स्क्रूंची भोकं.

कर्णा! रेडिओचा कर्णा! त्याच्या पाठीला मुठीएवढा लोहचुंबक असतो, आणि तो होकायंत्रापासून वीतभरही लांब नव्हता. दहा अंश तरी चुकलं असेल. ॲन्सेल झोपला नव्हता. तो जागा होता. होकायंत्र खोटं बोलत होतं, आणि त्याने त्यावर विश्वास ठेवला!

म्हाताऱ्याने कर्णा काढला, तार काढायला विसरला. म्हणून हात लावू नको. म्हणून ग्रेनाडाचा माणूस.

तो परत आला तेव्हा मी शिडीखालीच उभी होते. सगळ्या यार्डासमोर तार त्याच्या नाकापुढे नाचवली. "कोण झोपलं होतं, कॅप्टन? बोला ना! मेलेल्या माणसाच्या नावावर ढकललंत! लाज नाही वाटली?" रंगवाले हसले नाहीत. युलाली माझा दंड धरून म्हणत होती, "पुरे गं, पुरे." मी थुंकले. त्याच्या बुटांवर.

तो एवढंच म्हणाला, "ती तार मला दे आणि घरी जा."

देते! सोमवारी बंदर कचेरी उघडली की मी दारात. चौकशी पुन्हा होईल. आणि मग दगड. सासूबाईंना सांगून टाकलं – डुक्कर ठरवा, मका दळून आणा, ढोलवाल्यांना निरोप द्या. त्या रडायलाच लागल्या.

रविवार, १० फेब्रुवारी

चर्चला गेले नाही. पुरावा म्हणून तार नीट पुसून ठेवावी म्हटलं. मधे एक सांधा होता, काळ्या पट्टीत गुंडाळलेला. पट्टी सोडवली.

आत कथलाचा डाग दिलेला, आणि त्यावर लाल दोरा. सात वेढे. शेवटी गाठ आतल्या बाजूला.

असा सांधा या बेटावर एकच माणूस बांधतो. वडिलांनी शिकवला होता मला.

चाकावर क्रिकेट ऐकू येत नाही म्हणून ॲन्सेल कुरकुरत होता. याच टेबलावर मी त्याला कर्णा करून दिला. काल रागाच्या भरात ते आठवलंच नाही. "अगदी चाकाजवळ बसव, म्हणजे वाऱ्यातही ऐकू येईल" – मीच म्हणाले होते. शेवटच्या फेरीच्या आदल्या दिवशी.

सोमवार, ११ फेब्रुवारी

कचेरीत गेले नाही. बोटीवर गेले. तो चाकापाशी बसला होता. तार त्याच्या मांडीवर ठेवली.

"कधीपासून माहीत होतं?"

"बोट ओढून आणली त्याच दिवशी. कर्णा काढला, सुई सरळ झाली. तार आत अडकली होती, ओढून निघेना."

"आणि कुणी केला तेही?"

"ॲन्सेल दाखवत सुटला होता सगळ्यांना. बायकोने केलाय म्हणून."

"मग डुलकी का सांगितलीत?"

त्याने तार बोटाला गुंडाळली, सोडवली.

"झोप कुणालाही लागते, पोरी," तो म्हणाला. "तुला लागावी, म्हणून सांगितलं."